मनातले शब्दांत आले, की काय होते?

आमच्या लहानपणी इस्लापूरला पिठाची गिरणी होती. पण गिरणीला वीज हवी आणि वीज आपल्या लहरीने येई. त्यामुळे आजीचे जाते काही अडगळीत पडले नव्हते. डाळ भरडायची असो, की सणासुदीला घाईने पायलीभर दळायचे असो, ती पहाटे जात्यावर बसे. मी गोधडीत असे. आधी जात्याची घरघर ऐकू येई आणि तिच्या पाठोपाठ आजीचा आवाज. दिवसा चार शब्दही मोजून बोलणारी आजी जात्याशी मात्र भरभरून बोले. तिचा एक मुलगा, म्हणजे माझे एक काका, माझ्या जन्माआधीच तापाने गेले होते. त्यांचे नाव घरात कोणी काढत नसे. आजी ते ओवीत काढी. एकदा सकाळी मी तिला विचारले, "आजी, तू रडत होतीस का गं?" ती म्हणाली, "न्हाई रं लेकरा, दळत होते."

हे उत्तर मला तेव्हा कळले नाही. पुढे पदार्थविज्ञान शिकलो, शिकवू लागलो आणि एक साधा प्रयोग वर्गाला दाखवताना ते पुन्हा आठवले. तो प्रयोग तुम्हीही करून पाहा. बादलीभर गरम पाण्यात तापमापी बुडवली, तर पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण तेच पाणी चमचाभर घ्या आणि त्यात थंड तापमापी बुडवा. तापमापीची काच आणि आतला द्रव तापायला जी उष्णता लागते, ती त्या चमचाभर पाण्यातूनच येणार. म्हणजे आपण वाचतो ते पाण्याचे मूळ तापमान नव्हेच. तापमापी बुडवल्यामुळे उतरलेले तापमान आपण वाचतो. मोजता मोजता आपण वस्तू बदलून टाकली!

भावनेचेही असेच होत असेल काय? "मला भीती वाटते" असे आपण म्हणतो, तेव्हा आपण आत असलेल्या भीतीची नुसती बातमी देतो, की ती देता देता भीतीलाही थोडी हलवतो?

या प्रश्नाकडे जाण्याआधी मनात मुळात शब्द असतात किती, ते पाहू या. वाचता वाचता क्षणभर थांबा. हे वाक्य तुम्हाला मनात 'ऐकू' येते आहे ना? आता ओठ मिटून मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणा आणि जिभेकडे लक्ष ठेवा. पुष्कळांना जीभ किंचित थरथरल्याचे जाणवेल. एडमंड जेकबसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास अशा माणसांच्या जिभेच्या व ओठांच्या स्नायूंतले अतिसूक्ष्म विद्युतदाब मोजले. माणूस गप्प बसून नुसते मोजण्याची किंवा बोलण्याची कल्पना करी, तेव्हाही त्या स्नायूंत विजेची हालचाल दिसे. आवाज बंद, पण यंत्र चालू!

हे मनातले बोलणे येते कोठून? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोट्स्की यांचे म्हणणे असे, की ते बाहेरून आत जाते. अंगणात खेळणारे तीन-चार वर्षांचे पोर पाहा. "आता बैल इथं बांधू... याला चारा घालू... अरे, पडला!" असे ते मोठ्याने स्वतःशीच बोलत असते. मोठे होता होता हे बोलणे पुटपुटण्यावर येते आणि मग ओठांआड जाते. व्हिगोट्स्की १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारले. हा विचार मांडणारे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

पण याचा अर्थ आपण मनात सतत बोलत असतो, असा नव्हे. रसेल हर्लबर्ट या संशोधकाने एक युक्ती काढली. खिशात एक छोटे यंत्र ठेवायचे. ते दिवसात अवचित केव्हाही वाजते. वाजले, की त्याच्या अगदी आधीच्या क्षणी मनात काय होते ते टिपून ठेवायचे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका पाहणीत ३० विद्यार्थी होते. सरासरीने पाहता सुमारे पाव क्षणांतच मनात शब्द होते. बाकी वेळी चित्रे, अंगातल्या संवेदना, भावना, किंवा ज्याला शब्दही नाहीत आणि चित्रही नाही असा नुसता विचार. आणि माणसामाणसांतला फरक तर केवढा! कोणाच्या मनात बहुतेक वेळ बोलणे, तर कोणाच्या मनात जवळजवळ नाहीच. तेव्हा तुमचा शेजारी "माझ्या मनात कोणी बोलत नाही" म्हणाला, तर त्याला खोटारडा ठरवू नका.

म्हणजे मनातला बराचसा माल शब्दांवाचून पडलेला असतो. तो शब्दांत आणणे हे एक काम आहे, आणि कामाला बळ लागते.

हे काम किती अवघड पडू शकते, ते मला एका विद्यार्थ्याने दाखवले. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. मीटरब्रिजच्या तारेवर जॉकी टेकवताना त्याचा हात असा कापत होता, की गॅल्व्हानोमीटरचा काटा ठिकाणावर येईना आणि शून्यबिंदू सापडेना. मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेले आणि काय होते आहे ते विचारले. तो म्हणाला, "सर, सांगताच येईना." आमच्या भागात घरी गोरमाटी, गोंडी किंवा तेलुगू बोलणारी कितीतरी मुले शाळेत मराठीतून शिकतात. हा तांड्यावरचा मुलगा. मी म्हटले, "मराठीत नको सांगूस. तांड्यावर याडीला सांगशील तसं सांग." तो भिंतीकडे पाहत गोरमाटीत चार-पाच वाक्ये बोलला. त्यातला 'याडी' म्हणजे आई, एवढा एकच शब्द मला कळला. मग तो आत गेला आणि त्याने वाचने घेतली.

आता इथे जपून राहिले पाहिजे. एका मुलावरून सिद्धान्त काढायचा नसतो. त्याचा हात शब्दांमुळे स्थिर झाला, की व्हरांड्यातल्या मोकळ्या हवेमुळे, की शिक्षक रागावले नाहीत एवढ्यामुळे? हे वेगळे करायचे, तर तुलनेसाठी दुसरा गट हवा. तशी तुलना करणारे प्रयोग झाले आहेत.

२००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजलिस येथे ३० जणांच्या मेंदूचे कार्य चुंबकीय प्रतिमायंत्रात पाहिले. त्यांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. असा चेहरा पाहिला, की मेंदूच्या आत खोल असलेला बदामाच्या आकाराचा एक भाग जागा होतो. त्याला अमिग्डला म्हणतात. धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एकदा चेहऱ्याखाली दिलेल्या दोन शब्दांतून त्या भावनेचा शब्द निवडायचा होता: राग की भीती? दुसऱ्या वेळी भावना नव्हे, तर त्या चेहऱ्याला शोभेल असे बाईचे वा पुरुषाचे नाव निवडायचे होते. दोन्ही कामांत डोळ्यांसमोर चेहरा तोच आणि शब्द निवडणेही होतेच. तरी भावनेला नाव दिले, तेव्हाच अमिग्डलाची गडबड उतरली आणि कपाळामागच्या मेंदूचा उजव्या बाजूचा एक भाग अधिक कामाला लागला. तापमापी बुडाली आणि पाणी थोडे निवले, असे म्हणा ना!

दुसरा प्रयोग २०१२ सालचा, आणि तो तुम्हाला अधिक आवडेल. कॅलिफोर्नियातच कोळ्याला फार भिणारी ८८ माणसे गोळा केली आणि त्यांच्यासमोर तळहाताएवढा जिवंत, केसाळ कोळी ठेवला. एका गटाने आपली भीती आहे तशी शब्दांत सांगायची: "हा घाणेरडा कोळी अंगावर उडी मारील असे वाटून मी घाबरलो आहे." दुसऱ्याने स्वतःची समजूत घालायची, की हा लहानसा कोळी काय करणार? तिसऱ्याने भलत्याच विषयावर बोलायचे. चौथ्याने काही न बोलता नुसते पाहायचे. आठवड्यानंतर सर्वांना पुन्हा कोळ्यासमोर आणले आणि त्यांच्या कातडीची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजली. ही का मोजायची, ते ओहमचा नियम शिकलेल्यांच्या लक्षात येईल. माणूस घाबरला, की तळहात घामेजतात. घामात क्षार असतात, त्यामुळे रोध कमी होतो आणि विद्युतधारा वाढते. भीती शब्दांत सांगणाऱ्यांच्या हातांना इतरांपेक्षा कमी घाम आला होता, आणि ती माणसे कोळ्याच्या जरा अधिक जवळही गेली. भीतीचे शब्द ज्यांनी जास्त वापरले, त्यांच्यात फरक जास्त. गंमत अशी, की "आता भीती किती वाटते?" असे तोंडी विचारले, तेव्हा सर्व गटांची उत्तरे सारखीच आली. तळहाताला कळलेली गोष्ट माणसाला कळली नव्हती!

"घाबरू नकोस, काही होत नाही" हे आपण लहान मुलांना नेहमी सांगतो. तो दुसऱ्या गटाचा मार्ग झाला. निदान या प्रयोगात तरी "मी घाबरलो आहे" म्हणणे अधिक कामाला आले. शिक्षकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आता पुन्हा जात्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या बायकांनी शेकडो वर्षे जे दळता दळता केले, त्याचा एवढा मोठा साठा आज आपल्यापाशी आहे, की जगात त्याला तोड सापडणे कठीण. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. हजारावर गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या! बर्नार्ड बेल या संगीताच्या व संगणकाच्या अभ्यासकाने पुढे त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ साली मराठवाड्यात माजलगावला मुद्रित झालेल्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. हा सारा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने लोकांसाठी खुला केला आहे.

त्यात आहे काय? आईची आठवण, भावाची वाट, सासरचा जाच, मूल गेल्याचे दुःख, राम-सीता, पंढरीची वारी. जे सासूसमोर बोलायचे नाही आणि नवऱ्यासमोर तर नाहीच, ते जात्यासमोर बोलायचे. एक गोष्ट मला पदार्थविज्ञानाचा माणूस म्हणून जाणवते. खुंटा धरून जाते फिरवताना हाताला एक ठरावीक ताल मिळतो, श्वास त्या तालाला बांधला जातो आणि शब्दांना त्या श्वासात मावावे लागते. ओवी आखूड असते. तिला शेवट असतो, यमक असते, आणि समोर कोणीतरी असते: शेजारी बसलेली जाऊ, लांबची आई, देव, नाहीतर प्रत्यक्ष जाते. एक ओवी संपली, की पुढची घ्यायची. दुःख आहे तसे ओतता येत नाही. ते बेतून, कापून, जुळवूनच आत बसवावे लागते.

आणि हा फरक मोलाचा आहे, कारण सगळेच बोलणे उपयोगी पडत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस मोठी माणसे ओट्यावर बसून तेच तेच बोलत. त्याने त्यांना बरे वाटत होते, की जखम ओली राहत होती? त्याच्या चार वर्षे आधी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोग असा, की सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याआधी दोनच आठवडे स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची एक पाहणी केली होती. मन खिन्न झाले, की तुम्ही काय करता, असा प्रश्न तीत होता. भूकंपानंतर त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठले. 'मलाच असे का होते, मलाच का?' हे मनात घोकत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांची खिन्नता भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही अधिक होती. घोकण्यातही शब्दच असतात. पण ते जात्यात दाणे न घालता जाते फिरवण्यासारखे! दगडावर दगड घासतो, पीठ काही पडत नाही.

घाईने बोलते करण्याचेही तसेच. आपत्तीतून वाचलेल्या माणसाला लगेच समोर बसवून एकाच बैठकीत सगळे सांगायला लावण्याची पद्धत एके काळी फार चालली. त्या विषयीचे प्रयोग २००२ साली एकत्र तपासले, तेव्हा पुढचा मानसिक त्रास त्याने टळल्याचे दिसले नाही. एखाद्या प्रयोगात तर तो वाढल्याचे दिसले. आजीला कोणी "सांग, सांग" म्हणत नव्हते. ती तिच्या वेळेला, तिच्या जागी बसून सांगे.

लिहिण्याचे काय? १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींनी क्षुल्लक विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रसंगावर. प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या उलट अधिकच वाईट वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. या प्रयोगाचा फार गाजावाजा झाला. २००६ साली अशा १४६ प्रयोगांचा मिळून हिशेब केला, तेव्हा फायदा आहे, पण लहान आहे, असे निघाले. लहान तर लहान. कागद आणि पेन्सिल यांवर होणारा खर्चही लहानच आहे.

परीक्षेची धास्ती घेणाऱ्यांनी आणखी एका प्रयोगाविषयी ऐकले असेल. परीक्षेआधी दहा मिनिटे आपल्या काळज्या कागदावर उतरवल्या, तर गुण वाढतात, असे २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मीही ते वर्गात उत्साहाने सांगितले होते. २०१८ साली नामांकित नियतकालिकांतले असे २१ प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिले. त्यांतले १३ जमले. परीक्षेच्या प्रयोगाचा प्रयोगशाळेत केलेला भाग जमला नाही. तेव्हा मला वर्गात जाऊन माझे आधीचे वाक्य दुरुस्त करावे लागले. मुलांना त्याचे काही वाटले नाही. एकाने फक्त विचारले, "मग सर, लिहायचं का नाही?" मी म्हटले, "लिही, पण गुणांसाठी नको."

भावनेला नाव द्यायचे, तर नावे हवीत. आणि याबाबतीत आपण श्रीमंत आहोत. 'मला कसेतरी होते' यावर थांबू नका. धाकधूक वेगळी, धास्ती वेगळी. हुरहुर लागते, तिचे कारण बहुधा सांगता येत नाही. चुटपुट एखाद्या निसटलेल्या संधीची असते. रुखरुख त्याहून टिकाऊ आणि खंत त्याहून खोल. वैताग, चीड, संताप या एकाच पट्टीवरच्या वरवरच्या खुणा. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले, की आपल्या वाईट भावनांत बारीक भेद करणारी माणसे त्या भावनांना आवरण्याचे उपायही अधिक योजतात. ज्या तापमापीवर नुसते 'गरम' आणि 'थंड' एवढेच लिहिले आहे, तिच्यावरून ताप कितपत चढला हे कोण सांगणार?

आणखी एक मौज. ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ साली पाहिले, की भाषणाआधी घाबरलेला माणूस 'मी का घाबरलो?' असे न म्हणता स्वतःचेच नाव घेऊन, परक्याविषयी बोलावे तसा, स्वतःविषयी विचार करतो, तेव्हा त्याला त्रास कमी होतो. हे वाचताना मला हसू आले. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी स्वतःला त्रयस्थ करून 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असे शतकानुशतके म्हटले आहेच की! आपल्या मराठवाड्यातल्या गंगाखेडची जनाबाई तर दळणकांडण करणारी. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागे, अशी कथा आहे. तीही स्वतःला 'जनी' म्हणून बाजूला उभी करते. ती नाममुद्रा कवीची सही म्हणून असते, औषध म्हणून नव्हे, हे मी जाणतो. पण सही करता करता थोडे औषधही पोटात गेले असेल, असे मला वाटते. हा माझा तर्क, प्रयोग नव्हे.

वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना थोडे वेगळे सांगतो. मनातले दुःख आठवडेच्या आठवडे हलेना, झोप-जेवण तुटले, तर वहीवर भागवू नका, माणसाला सांगा. शिक्षकाला, वॉर्डनला, घरी. कोणीच सापडले नाही, तर १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. तो फुकट आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी एक प्रयोग. शाळेत वक्तृत्वस्पर्धा असेल त्या दिवशी करा. भाग घेणाऱ्या मुलांचे नाणे उडवून दोन गट पाडा. प्रत्येकाची नाडी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मग एका गटाने तीन मिनिटे, आत्ता मनात काय चालले आहे ते नेमक्या शब्दांत लिहायचे. ज्या भाषेत येईल त्या भाषेत. दुसऱ्या गटाने घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचे वर्णन लिहायचे. पुन्हा नाडी मोजा आणि दोन्ही गटांतल्या फरकाची सरासरी काढा. दहा-बारा मुलांवर भागणार नाही. पुढच्या स्पर्धेलाही करा आणि आकडे साठवत चला. शिक्षकांनी ते कागद वाचू नयेत. ज्याने लिहिले त्यानेच फाडून टाकावेत. आणि नाडी मोजणाऱ्याला, कोण कोणत्या गटात आहे ते अजिबात कळू देऊ नका.